यूएसजीएसची भूकंप साईट: रिव्ह्यू, आणि तिथे न सापडणारा 'रिश्टर'

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय त्यांना पुढचं सगळं वाचायला नको. कुठेही भूकंप झाल्याचं कानावर आलं की सगळ्यात आधी उघडावी अशी साईट म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची, यूएसजीएसची. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, जाहिराती नाहीत, फोनवर पण नीट चालते. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

माझं काम बातम्या मराठीत आणायचं. त्यामुळे भूकंप झाला की ही साईट माझ्यासमोर उघडी असतेच, आणि खरं सांगायचं तर हा रिव्ह्यू मला लिहावासा वाटला तो मॅपसाठी किंवा स्पीडसाठी नाही, एका शब्दासाठी. आपल्याकडे भूकंप म्हटलं की पाठोपाठ एक वाक्य येतंच, "रिश्टर स्केलवर भूकंपाची तीव्रता ६.२ इतकी नोंदवण्यात आली." हे वाक्य इतकं तोंडात बसलंय की शाळेतल्या पोरालाही पाठ असेल. आता ही साईट उघडा, कुठलाही मोठा भूकंप क्लिक करा, आणि त्या पानावर 'रिश्टर' शोधा. नाही सापडणार. आकडा आहे, नकाशा आहे, खोली आहे, किती स्टेशनांनी नोंद केली ते आहे, रिश्टर मात्र नाही. आणि 'तीव्रता' आहे, पण ती त्या ६.२ च्या शेजारी नाही, वेगळ्याच चौकोनात आहे आणि तिचा आकडा पण वेगळा आहे. हे असं का, हे कळलं की भूकंपाबद्दलचं निम्मं डोक्यातलं धुकं जातं असं मला मनापासून वाटतं, म्हणून आधी शब्दाकडे जाते, साईटचे बाकीचे गुणदोष मागून.

चार्ल्स रिश्टर हा माणूस जन्मला १९०० साली, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. रिश्टर हे आडनाव त्याला आईकडून आलं, आईवडील तो अगदी लहान असताना वेगळे झाले आणि तो आजोबांच्या घरी वाढला, ते घराणं मूळचं जर्मन. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ न्यायाधीश. आपण 'रिश्टर' लिहितो, अमेरिकेत 'रिक्टर' म्हणतात, जर्मन उच्चार 'रिख्टर'च्या जवळ जातो, यावरून भांडायचं काही कारण नाही, मराठीत रिश्टर रुळलाय आणि तो तसाच राहू दे. माणूस शिकला थिऑरेटिकल फिजिक्स, आणि कामाला लागला कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या भूकंप प्रयोगशाळेत. तिथे रोजचं काम म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियात होणाऱ्या भूकंपांची यादी करायची. यादी करायची म्हटलं की प्रश्न आलाच, लहान कुठला आणि मोठा कुठला हे ठरवायचं कशावरून?

तोपर्यंत जगात जे मोजमाप होतं ते लोकांच्या सांगण्यावर आणि पडझडीवर चालायचं. इटलीच्या ज्युसेप्पे मर्काली यांनी २० व्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या पायऱ्या नीट बांधल्या होत्या, कुणाला जाणवलं, भांडी वाजली का, धुरांडी पडली का, भिंती फुटल्या का, अशा पायऱ्या. १९३१ साली हॅरी वुड आणि फ्रँक न्यूमन यांनी त्यात बदल करून जी आवृत्ती काढली तीच पुढे 'मॉडिफाइड मर्काली' म्हणून चालली, रोमन एक ते रोमन बारा. हिला म्हणतात इंटेन्सिटी, म्हणजे आपली तीव्रता. आता यात अडचण अशी की एकाच भूकंपाची तीव्रता जागोजागी वेगळी निघते, जवळ जास्त, लांब कमी, आणि वाळवंटात किंवा समुद्रात झाला तर सांगायला माणूसच नाही, मग तो भूकंप यादीत लिहायचा कसा.

रिश्टरला जपानच्या कियो वादाती यांचा एक पेपर सापडला, त्यात त्यांनी जमीन जास्तीत जास्त किती हलली ते एका बाजूला आणि केंद्रापासूनचं अंतर दुसऱ्या बाजूला असा आलेख काढून मोठ्या भूकंपांची तुलना केली होती. रिश्टरने तेच आपल्या स्टेशनांच्या नोंदींवर करून बघितलं, पण सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या नोंदीत इतका फरक की एका कागदावर मावेचना. तेव्हा बेनो गुटेनबर्ग, हे स्वतः जर्मनीहून आलेले आणि भूकंपशास्त्रात रिश्टरपेक्षा कितीतरी अनुभवी, त्यांनी सुचवलं की आकडे लॉगरिदममध्ये मांड. झालं. तिथून ती प्रसिद्ध मोजपट्टी निघाली, एक आकडा वर गेला की नोंदीतला झोका दहापट. १९३५ साली पेपर छापून आला, एकट्या रिश्टरच्या नावावर. गुटेनबर्ग यांचं नाव लोकांच्या तोंडी कधी आलंच नाही, याचं मला दरवेळी वाईट वाटतं. लॉगची कल्पना त्यांची, पुढे ही पद्धत दक्षिण कॅलिफोर्नियाबाहेर साऱ्या जगाला लागू करण्यातही त्यांचा निम्मा वाटा, आणि वादाती तर कुणाच्या गावीही नाहीत.

आणि आता तो भाग ज्यासाठी मी एवढं लांबण लावलं. ही नवी मोजपट्टी तयार झाली तेव्हा तिला नाव काय द्यायचं? हॅरी वुड, तेच वर आलेले, ज्यांनी तीव्रतेच्या पायऱ्या नव्याने बांधल्या होत्या, त्यांनी आग्रह धरला की या नव्या राशीला एकदम वेगळं नाव पाहिजे, तीव्रतेशी तिची गल्लत होता कामा नये. रिश्टरला हौशी खगोलाचा नाद होता, त्याने आकाशातून शब्द उचलला, मॅग्निट्यूड, ताऱ्यांच्या तेजस्वितेची जी प्रत असते तो. (ताऱ्यांमध्ये आकडा लहान तेवढा तारा ठळक, भूकंपात उलटं, एवढाच फरक.) योगायोग म्हणा, पण ज्या वुड-अँडरसन नावाच्या भूकंपमापक यंत्रावर हे सगळं मोजलं गेलं त्यातले जॉन अँडरसनही खगोलवालेच होते, माउंट विल्सन वेधशाळेचे. तर सांगायचं काय, मॅग्निट्यूड हा शब्द मुळात आणलाच यासाठी की तो तीव्रतेपासून वेगळा दिसावा. आणि आपण मराठीत काय केलं, तर 'रिश्टर स्केलवर तीव्रता' म्हणून दोन्ही परत एकत्र बांधून टाकले. ज्या गल्लतीला टाळायला शब्द जन्मला तीच गल्लत आपल्या रोजच्या वाक्यात बसलेली आहे.

हा फरक रिश्टरने स्वतः रेडिओवरून समजावला होता आणि त्याहून सोपं कुणी सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. रेडिओ स्टेशन किती किलोवॅटवर प्रक्षेपण करतं ते मॅग्निट्यूड, ते एकच असतं. तुमच्या घरातल्या सेटवर आवाज किती जोरात येतो ती तीव्रता, ती घरागणिक बदलते, अंतरावर ठरते, मधल्या डोंगरावर ठरते. बस. आता "भूकंपाची तीव्रता ६.२" हे वाक्य परत वाचून बघा, कुठल्या घरातली?

याच ठिकाणी साईटला माझे पैकीच्या पैकी मार्क. भूकंपाचं पान उघडलं की मोठ्या अक्षरात वर मॅग्निट्यूड आणि ठिकाण, आणि खाली एकेक चौकोन. 'शेकमॅप' नावाच्या चौकोनात रोमन आकडा दिसतो, समजा रोमन सात, तो असतो जमीन कुठे जास्तीत जास्त किती हलली असेल त्याचा अंदाज, आणि आत गेलं की रंगीत नकाशा, निळसरपासून पिवळा, नारिंगी, लाल. 'डिड यू फील इट' नावाच्या चौकोनात अजून एक रोमन आकडा, तो लोकांनी फॉर्म भरून सांगितलेल्या अनुभवांवरून काढलेला. मॅग्निट्यूड नेहमी साध्या अंकात, तीव्रता नेहमी रोमनमध्ये. कुणाला काही समजावून न सांगता नुसत्या मांडणीतून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात, हे डिझाईन करणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

फॉर्मबद्दल जरा सविस्तर सांगते कारण तो भरावा असं मला वाटतं. धक्का जाणवला की साईटवर जाऊन त्या भूकंपाच्या पानावर सांगायचं, तुम्ही कुठे होता, झोपला होता का, आजूबाजूच्यांना जाणवलं का, उभं राहायला त्रास झाला का, टांगलेल्या वस्तू हलल्या का, फळीवरच्या वस्तू पडल्या का, भिंतीला तडे गेले का. प्रश्न साधे आहेत आणि नीट बघितलं तर हे मर्काली यांचेच प्रश्न, शंभर वर्षांहून जुने, फक्त आता माणूस घरोघर जाऊन विचारत नाही तर साईट विचारते. जगात कुठूनही भरता येतो. साईटवर तुमचा भूकंप अजून आलाच नसेल तरी वेगळी सोय आहे, 'मला जाणवलं पण यादीत नाही' असं पण नोंदवता येतं. आणि जाणवलं नाही हेही सांगायचं असतं, ते तेवढंच कामाचं.

मग रिश्टर गेला कुठे? त्याचं उत्तर 'ओरिजिन' नावाच्या टॅबमध्ये आहे, बहुतेक लोक तिथपर्यंत जातच नाहीत. तिथे मॅग्निट्यूडच्या आकड्यापुढे छोट्या अक्षरात काही इंग्रजी अक्षरं असतात, कधी एमएल, कधी एमबी, कधी एमडी, आणि मोठ्या भूकंपाला बहुतेक वेळा एमडब्ल्यूडब्ल्यू. ही मोजायच्या पद्धतींची नावं. यातली एमएल, म्हणजे लोकल मॅग्निट्यूड, हीच रिश्टरच्या १९३५ च्या पद्धतीची वारस. तिची मूळ व्याख्या वाचली की कळतं ती किती बारीक आणि किती स्थानिक होती: भूकंपाच्या केंद्रापासून १०० किमीवर असलेल्या वुड-अँडरसन यंत्राच्या नोंदीवर रेघ जर १ मिलिमीटर सरकली तर तो भूकंप मॅग्निट्यूड ३. शून्य इतका खाली ठेवला की उणे आकडे येऊच नयेत, पण आताची यंत्रं इतकी नाजूक आहेत की उणे मॅग्निट्यूडचे भूकंप पण नोंदले जातात. यात एक खुलासा, स्केल म्हणजे कुठलं यंत्र नाही, ती नुसती हिशोबाची पद्धत आहे. लोक रिश्टरकडे येऊन तुमचं स्केल बघायचंय म्हणायचे, आणि आजही "रिश्टर स्केलवर नोंद झाली" वाचलं की डोळ्यासमोर काटा असलेलं यंत्रच येतं. नोंद होते सिस्मोग्राफवर, म्हणजे भूकंपमापक यंत्रावर, स्केलवर नाही. आणि '५ रिश्टरचा भूकंप' असंही नाही, ते एकक नाही, किलो आणि लिटरसारखं त्याला पुढे लावता येत नाही, मॅग्निट्यूड हा नुसता आकडा असतो.

तर ही पद्धत दक्षिण कॅलिफोर्नियासाठी, तिथल्या जमिनीसाठी आणि तिथल्या यंत्रासाठी बांधलेली. मध्यम भूकंपांना उत्तम. पण भूकंप फार मोठा झाला की ती थकते. कारण असं की ते यंत्र साधारण सेकंदभराच्या भराभर येणाऱ्या लहरी टिपतं, आणि खडकातली भेग शेकडो किमी फाटत गेली की वाढते ती मुख्यतः संथ, लांबलचक लहरींची ताकद, भराभर येणाऱ्या लहरी एका मर्यादेपुढे वाढतच नाहीत. म्हणून सातच्या आसपास आकडा अडकून बसतो, भूकंप कितीही मोठा असो. पुढे लांब लहरींवर आधारलेल्या पद्धती आल्या, त्या पण आठच्या वर अडखळायला लागल्या. मग १९७९ साली थॉमस हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी वेगळ्याच बाजूने जाऊन मोमेंट मॅग्निट्यूड मांडलं, वर आलेलं एमडब्ल्यूडब्ल्यू त्याच घरातलं. त्यात रेघ किती हलली यावर सगळं अवलंबून नाही, तर भेगेचं क्षेत्रफळ किती, दोन बाजू एकमेकींवरून किती सरकल्या, आणि खडक किती ताठ, या तिन्हींचा गुणाकार येतो. मूळ कल्पना केइती आकी यांची, १९६६ ची. याला वरची मर्यादा नाही. फरक किती पडतो बघायचा असेल तर साईटवर १९६० चा चिलीचा भूकंप शोधा, जुन्या पद्धतीने तो साडेआठच्या आसपास बसायचा, आता तो ९.५ आहे, आजवर यंत्रांनी नोंदलेला सगळ्यात मोठा. आकड्यात एकाचा फरक म्हणजे ऊर्जेत साधारण ३२ पट, दोनाचा म्हणजे हजार पट, त्यामुळे साडेआठ आणि साडेनऊ यातलं अंतर किती ते तुम्हीच बघा.

म्हणून मोठ्या भूकंपाच्या बातमीत जो आकडा असतो तो आज बहुतेक वेळा रिश्टरच्या पद्धतीने काढलेलाच नसतो. हँक्स-कानामोरींनी आपली पद्धत मुद्दाम अशी बसवली की मधल्या आकड्यांना ती जुन्या आकड्यांशी जुळावी, लोकांना ६ म्हणजे काय याचा जो अंदाज झालाय तो बिघडू नये, त्यामुळे बाहेरून कुणाला बदल कळला नाही आणि जुनं नाव तसंच चालू राहिलं. यूएसजीएसने तर २००२ साली धोरणच ठरवलं की लोकांना सांगताना फक्त 'मॅग्निट्यूड' म्हणायचं, रिश्टर वगैरे जोडायचं नाही. त्यामुळे साईटवर तो शब्द न दिसणं हा विसराळूपणा नाही. मला स्वतःला विचाराल तर रिश्टर हे नाव इतिहासाच्या जागी मानाने राहावं, पण रोजच्या बातमीत "६.२ मॅग्निट्यूडचा भूकंप" एवढंच लिहिलं तर बरोबर पण होतं आणि वाक्य पण लहान होतं. आणि तीव्रता हा चांगला मराठी शब्द त्याच्या खऱ्या कामासाठी मोकळा राहतो, म्हणजे "केंद्राजवळच्या गावांत तीव्रता मर्कालीच्या आठपर्यंत गेली" असं लिहिता येतं, आणि वाचणाऱ्यालाही कळतं की तिथे घरं पडली असणार.

हे नुसतं शब्दांचं सोवळं नाही बरं का. २०१३ च्या मे महिन्यात रशियाच्या पार पूर्वेकडच्या ओखोत्स्क समुद्राखाली ८.३ चा भूकंप झाला, पण जवळपास ६०० किमी खोल. पार मॉस्कोपर्यंत लोकांना जाणवला, नुकसान मात्र नावापुरतं. आणि १९९३ चा किल्लारीचा ६.२, उथळ, पहाटेची वेळ, गावं वर आणि दगडमातीची जड घरं, दहा हजारांच्या घरात माणसं गेली. नुसता मॅग्निट्यूड बघणाऱ्याला हे दोन भूकंप समजणारच नाहीत. तीव्रतेचा नकाशा शेजारी ठेवला की लगेच समजतात. म्हणून हे दोन आकडे वेगळे ठेवणारी साईट मला महत्त्वाची वाटते.

खोलीचा विषय निघालाच आहे तर एक जपून वाचायची गोष्ट. शाळेत आपण भूकंपनाभी आणि अपिकेंद्र शिकलो, नाभी खाली जिथे खडक फुटायला सुरुवात होते तिथे, अपिकेंद्र तिच्या बरोबर वर जमिनीवर. साईटवर नाभीची खोली दिलेली असते, आणि तुम्ही रोज बघत असाल तर लक्षात येईल की खूप भूकंपांना अगदी बरोबर १० किमी खोली लिहिलेली दिसते. जगातले इतके भूकंप एकाच खोलीवर होत नाहीत. उथळ भूकंपाची खोली काढायला जवळ स्टेशन लागतं, ते नसलं की आकडा नीट निघत नाही, मग नेहमीच्या अंदाजाने १० धरून बाकीचा हिशोब करतात. हे साईटवर सांगितलेलं आहे पण वेगळ्या प्रश्नोत्तरांच्या पानावर, त्या आकड्याच्या शेजारी नाही. तिथेच 'धरलेला' असा एक शब्द आला असता तर किती बरं झालं असतं, कारण लोक तो आकडा उचलून "अवघ्या १० किमी खोलीवर" असं जोर देऊन लिहितात. अर्धा स्टार कापला त्यातला बराचसा इथे.

बाकीचा कापला तो लहान भूकंपांसाठी. अमेरिकेबाहेरचे साधारण साडेचारच्या वरचेच इथे भरवशाने मिळतात. तुमच्याकडे ३ चा धक्का बसला, सगळे घराबाहेर आले, आणि साईटवर काहीच नाही, असं होऊ शकतं आणि त्याचा अर्थ भूकंप झाला नाही असा होत नाही. त्यासाठी आपापल्या देशाची भूकंप संस्था बघावी, त्यांची जाळी जवळ असते. दोन्हीकडचे आकडे ०.१, ०.२ ने इकडेतिकडे दिसले तर कुणी खोटं बोलत नाहीये, स्टेशनं वेगळी, पद्धत वेगळी, तेवढा फरक पडणारच.

आकडा बदलतो यावरून पण लोक चिडतात, त्यांना समजावताना माझी दमछाक होते. पहिला आकडा मशीन काढतं, पानावर 'ऑटोमॅटिक' लिहिलेलं असतं, मग माणूस बघतो आणि 'रिव्ह्यूड' होतं. मोठ्या भूकंपात संथ लहरी पोचायला आणि मोजायला वेळ लागतोच. २०११ ला जपानमध्ये तिथल्या हवामान संस्थेने पहिल्या मिनिटांत ७.९ सांगितलं होतं, शेवटी ते ९.० झालं, यूएसजीएसच्या यादीत तो ९.१ आहे. त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातला आकडा लिहिताना 'प्राथमिक' हा शब्द गाळू नका, आणि पान परत परत उघडून बघा.

वापरायला सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडं. मॅप उघडला की गेल्या एका दिवसातले २.५ च्या वरचे भूकंप दिसतात, सेटिंगमधून आठवडा, महिना, फक्त मोठे, असं बदलता येतं. वेळ बघताना सांभाळा, ती तुमच्या घड्याळाची आहे की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, हे आधी बघून घ्या, बातमीची तारीखच चुकू शकते. प्लेटच्या, म्हणजे भूकवचाच्या मोठ्या तुकड्यांच्या, सीमा मॅपवर चालू करून ठेवा, मग ठिपके कुठे रांगेने येतात आणि कुठे एकटे पडतात ते दिसायला लागतं, आणि हे बघत बसण्यात वेळ कसा जातो कळत नाही. जुने भूकंप शोधायचं पान वेगळं आहे, तारीख, चौकोन, मॅग्निट्यूड टाका, यादी डाउनलोड होते, एका वेळी २०,००० पर्यंत नोंदी. 'पेजर' नावाचा अजून एक चौकोन मोठ्या भूकंपांना येतो, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, किती लोकवस्ती किती जोरात हलली यावरून जीवितहानी आणि आर्थिक नुकसानीचा अंदाज. तो अंदाजच आहे, मृतांचा आकडा म्हणून तो कुठेही छापू नये, एवढी कळकळीची विनंती.

मराठी अर्थातच नाही, आणि हा दोष मी त्यांच्या माथी मारत नाही. रंगांच्या नकाशाखाली मर्कालीच्या पायऱ्या इंग्रजीत लिहिलेल्या असतात, त्या कुणीतरी सोप्या मराठीत करून ठेवल्या तर शिक्षकांना आणि बातमीदारांना रोज उपयोग होईल.

आणि शेवटी, ही सेवा कशासाठी नाही ते पण सांगायला हवं. हा भूकंपाआधीचा इशारा नाही. धक्का बसायच्या आत फोन वाजावा असं हवं असेल तर ती यंत्रणा वेगळी. इथे ईमेलने सूचना मागवता येतात, पण त्या भूकंप होऊन गेल्यावर येतात, दूरच्या भागातल्या भूकंपाला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागू शकतो. एरवी ती ईमेल सेवा फार विचार करून बांधलीय. नकाशावर आपला भाग आखायचा, किती मॅग्निट्यूडच्या वरचं हवं ते टाकायचं, आणि दिवसासाठी एक आणि रात्रीसाठी वेगळा आकडा ठेवता येतो. मी सुचवेन दिवसाला ५ आणि रात्रीला ६. मोठा भूकंप झाला की मागून येणाऱ्या आफ्टरशॉकच्या ईमेलनी इनबॉक्स भरून जातो, ते बंद ठेवायचाही पर्याय त्याच पानावर आहे, तो नाव नोंदवतानाच बघून घ्या.